अबोला : बायबलमधल्या भाऊबंदकीच्या गोष्टी

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात, एक वाक्य अर्धवट राहिलं आहे. 'काइन आपला भाऊ हाबेल याला म्हणाला' असं मूळ हिब्रूत आहे, आणि तो काय म्हणाला ते लिहिलेलंच नाही. लगेच पुढचं वाक्य सुरू होतं: ते शेतात असताना काइन भावावर उठला आणि त्याने त्याला ठार मारलं. जुन्या ग्रीक भाषांतरात आणि शोमरोनी (समॅरिटन) या यहुद्यांच्या जवळच्या पंथाच्या प्रतीत त्या जागी 'चल, शेतात जाऊ' एवढे शब्द आहेत, आणि पुष्कळ भाषांतरांत तेच वाचायला मिळतात. यहुदी परंपरेने जपलेल्या हिब्रू पाठात मात्र ती जागा रिकामी आहे.

जगातला पहिला भाऊ भावाशी जे बोलला, ते असं हरवलं आहे. मी हे पुस्तक बरीच वर्षं वाचत आलो, आणि माझं मत असं झालं आहे की पुढचा सगळा ग्रंथ ती रिकामी जागा भरून काढायच्या खटपटीत आहे. कोण कोणाशी बोलतं, कोण बोलायचं टाकतं, कोण निरोप्यामार्फत बोलतं, याकडे लक्ष ठेवून या गोष्टी वाचल्या की त्या उलगडत जातात. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: अबोला.

ज्यांनी बायबल वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उत्पत्ती हे यहुदी आणि ख्रिस्ती अशा दोन्ही परंपरांचं पहिलं पुस्तक. त्यात ५० अध्याय आहेत. पहिल्या ११ अध्यायांत सृष्टी, काइन-हाबेल, जलप्रलय वगैरे येतं. उरलेल्या ३९ अध्यायांत एकाच मेंढपाळ घराण्याच्या चार पिढ्या आहेत: अब्राहाम, त्याचा मुलगा इसहाक, नातू याकोब, आणि याकोबाचे बारा मुलगे. मराठीला या गोष्टी परक्या नाहीत. कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजात १८८० च्या सुमारास बायबलमधल्या कथांवर मराठीतून कीर्तनं होऊ लागली. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, छापून पूर्ण झालं.

आता मत्सर या शब्दाबद्दल. मराठीत हेवा आणि मत्सर वेगळे. 'त्याच्याकडे आहे ते मलाही हवं' हा हेवा. 'त्याच्याकडे ते नसावंच' हा मत्सर. हिब्रूत दोन्हींसाठी 'किना' हा शब्द चालतो, आणि तोच शब्द निष्ठेच्या, उत्कट प्रेमाच्या धगीलाही वापरतात. दहा आज्ञांमध्ये देव स्वतःला 'ईर्ष्यावान' म्हणवतो तिथेही हाच धातू आहे. जिथे आपला हक्क आहे असं मनाने धरलेलं असतं, तिथेच ही आग लागते. शेजाऱ्याच्या बैलजोडीचा हेवा वाटतो. आईबापांच्या मायेचा जो वाटा भावाकडे गेला, त्याचा मात्र मत्सर होतो.

काइनाच्या गोष्टीत हा शब्द येत नाही. तिथे लेखक फक्त चेहरा दाखवतो. काइन शेतकरी, हाबेल मेंढपाळ. दोघांनी देवाला अर्पण आणलं. काइनाने शेताच्या उपजातलं, हाबेलाने कळपातली पहिल्या विताची पिल्लं आणि त्यांची चरबी. देवाने हाबेलाच्या अर्पणाकडे पाहिलं, काइनाच्या अर्पणाकडे पाहिलं नाही. का, याचं उत्तर नाही. काइनाच्या मनात खोट होती, त्याने कमअस्सल माल आणला होता, असं पुढच्या भाष्यकारांनी परोपरीने सांगितलं आहे, पण गोष्टीत तसं स्पष्ट म्हटलेलं नाही. मला वाटतं ते न सांगणं महत्त्वाचं आहे. घरात एकाचं कौतुक होतं आणि दुसऱ्याचं होत नाही, तेव्हा दुसऱ्याला कारण कधीच पटेल असं सापडत नाही. काइन संतापला आणि त्याचं तोंड उतरलं, एवढंच लेखक सांगतो.

मग देव त्याच्याशी बोलतो: पाप दाराशी दबा धरून बसलंय, त्याचा डोळा तुझ्यावर आहे, पण तू त्याच्यावर ताबा मिळव. म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. काइन यावर काहीच उत्तर देत नाही. तो वळतो तो भावाकडे, आणि तिथे ते वाक्य तुटतं. हाबेल तर संपूर्ण गोष्टीत एक अक्षरही बोलत नाही. त्याचं नाव हिब्रूत 'हेवेल', म्हणजे श्वास, वाफ. येते आणि विरते ती. मेल्यावर मात्र त्याच्या रक्ताला आवाज फुटतो आणि ते जमिनीतून ओरडतं. 'मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे?' हे काइनाचं उत्तर सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पण सोळा ओव्यांच्या या गोष्टीत 'भाऊ' हा शब्द सात वेळा येतो, हे सहसा लक्षात येत नाही. लेखक तो शब्द पुन्हा पुन्हा वाचणाऱ्याच्या कानावर घालत राहतो, काइनाला तो विसरू देत नाही.

पुढच्या गोष्टी कळायला त्या काळचा वारसाहक्क थोडा माहीत हवा. थोरल्याला दुप्पट वाटा, ही प्राचीन पश्चिम आशियात रुळलेली रीत होती. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात ती कायदा म्हणून येते. म्हणजे तीन भाऊ असतील तर मालमत्तेचे चार भाग करायचे आणि दोन थोरल्याला द्यायचे. वाट्यासोबत घराचं पुढारपण येई. आणि बापाचा मरणापूर्वीचा आशीर्वाद हा नुसता शुभेच्छांचा उपचार नव्हता. तो एकदा उच्चारला की परत घेता येत नसे, आजच्या मृत्युपत्रावरच्या सहीसारखा. उत्पत्तीच्या गोष्टींत जवळजवळ दर पिढीत हा क्रम उलटतो: इश्माएलाऐवजी इसहाक, एसावाऐवजी याकोब, दहा थोरल्या भावांऐवजी योसेफ. धाकटा पुढे जातो. ज्या लहानशा लोकांनी या गोष्टी जपल्या ते मिसर (इजिप्त) आणि मेसोपोटेमियाच्या थोर साम्राज्यांमध्ये चेपलेले होते, तेव्हा देव धाकट्याला निवडतो यात त्यांना स्वतःची गोष्ट दिसली असणार. तरी लेखकांनी एक गोष्ट टाळलेली नाही. डावलल्या गेलेल्या थोरल्याचं रडणं त्यांनी पुसून टाकलं नाही.

अब्राहामाची बायको सारा हिची गोष्ट आधी बायकांची आहे, मग मुलांची. साराला मूल होत नव्हतं. तिने आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला दिली, म्हणजे तिच्या पोटचं मूल आपलं म्हणता येईल. हे आज कानाला कसंसंच वाटतं, पण तेव्हाच्या कागदोपत्री व्यवहारात ते बसत होतं. इराकमध्ये किर्कूकजवळ नुझी इथे १९२५ ते १९३१ मध्ये उत्खनन झालं, त्यात इ.स.पू. पंधराव्या-चौदाव्या शतकातल्या मातीच्या पाट्या निघाल्या. त्यातल्या एका विवाहाच्या करारात बायकोला मूल न झाल्यास तिने नवऱ्याला दासी द्यावी असं कलम आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात तर अशा दासीने मूल झाल्यावर मालकिणीशी बरोबरी केली तर काय करायचं, याचीही तरतूद आहे. तरतूद करावी लागली, म्हणजे हे घरोघर घडत असणार.

इथेही घडलं. हागारला दिवस गेले, तिची नजर बदलली, आणि साराने तिचा जाच सुरू केला. या दोन अध्यायांत (१६ आणि २१) एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. सारा किंवा अब्राहाम हागारचं नाव एकदाही तोंडाने घेत नाहीत. 'माझी दासी', 'तुझी दासी', 'ही दासी'. तिला नावाने पहिली हाक मारतो तो रानातल्या झऱ्यापाशी भेटलेला देवदूत: 'हागार, तू कुठून आलीस, कुठे चाललीस?' घरात कुणी हे विचारलं नव्हतं. आणि ती उलट देवालाच नाव देते: मला पाहणारा देव. तिच्या मुलाचं नाव इश्माएल, म्हणजे देव ऐकतो. अबोल्याच्या घरातून बाहेर पडलेल्या बाईच्या वाट्याला ही दोन नावं येतात, पाहणारा आणि ऐकणारा.

पुढे साराला इसहाक झाला आणि हागारला मुलासकट घालवून दिलं गेलं. अब्राहामाने सकाळी उठून भाकरी आणि पाण्याची कातडी पिशवी तिच्या खांद्यावर दिली; काही बोलल्याची नोंद नाही. इसहाक आणि इश्माएल यांच्यात या पुस्तकात एकही संवाद नाही. पण बाप वारला तेव्हा हेब्रोनजवळच्या मकपेला गुहेत त्याला पुरायला दोघं मुलगे आले होते, हे एका ओळीत सांगितलंय. माझ्या मते ती ओळ फार मोलाची आहे.

याकोब आणि एसाव ही इसहाक आणि त्याची बायको रिबका यांच्या जुळ्यांची जोडी, आईच्या पोटातच झगडणारी. एसाव आधी बाहेर आला, तांबूस आणि केसाळ. मागोमाग त्याची टाच धरून याकोब. 'इसहाकाची एसावावर प्रीती होती, कारण त्याला शिकारीचं मांस आवडे. रिबकेची याकोबावर प्रीती होती.' बापाच्या प्रीतीला कारण दिलंय, आईच्या प्रीतीला दिलेलं नाही. आईबापांनी मुलं वाटून घेतली होती. पुढचा सगळा घोळ त्या एका ओळीतून निघतो.

एसाव दमूनभागून रानातून आला, याकोब मसुराची आमटी शिजवत होता, आणि वाटीभर आमटीवर थोरलेपणाचा हक्क विकला गेला. ही अतिशयोक्ती वाटते. पण नुझीच्याच एका पाटीत एकाने वारशात येणारा बागेचा वाटा भावाला तीन मेंढ्यांवर दिल्याचा व्यवहार आहे. अडलेल्या भावाकडून हिस्सा स्वस्तात लिहून घेणं किती जुनं आहे, ते यावरून कळतं.

हक्क घेतला, आशीर्वाद राहिला होता. इसहाक आंधळा झाला होता. रिबकेने याकोबाला एसावाचे कपडे चढवले, हातांवर आणि मानेवर करडांची कातडी बांधली आणि बापापुढे ताट देऊन पाठवलं. म्हातारा चाचपतो, म्हणतो, 'आवाज याकोबाचा, हात एसावाचे,' आणि तरीही फसतो. खरा एसाव आल्यावर इसहाक थरथर कापू लागतो. आणि एसाव मोठ्याने टाहो फोडून म्हणतो: 'बाबा, तुमच्याकडे एकच आशीर्वाद होता का? मलाही द्या ना, बाबा.' सगळ्या बायबलमध्ये मत्सराचं मूळ इतक्या थोड्या शब्दांत उघडं केलेलं मला दुसरीकडे दिसलं नाही. आशीर्वाद एकच आहे, तो त्याला गेला, आता मला काही उरलं नाही: प्रत्येक डावललेल्या मुलाची भीती हीच असते. बाप मरू दे, मग याला मारतो, असं एसाव मनात ठरवतो आणि याकोब पळ काढतो. आमटीच्या प्रसंगानंतर ते दोघं एकमेकांशी बोललेले आपण ऐकतो ते थेट ३३व्या अध्यायात, वीस वर्षं परदेशात काढून याकोब परतल्यावर.

ती वीस वर्षं हारानला, मामाच्या घरी गेली. मामाचं नाव लाबान, त्याच्या दोन मुली, थोरली लेआ आणि धाकटी राहेल. राहेलसाठी याकोबाने सात वर्षं राबून दिलं, आणि लग्नाच्या रात्री अंधारात त्याच्याकडे पाठवली गेली लेआ. सकाळी तो जाब विचारतो तेव्हा लाबान म्हणतो: 'आमच्या गावात थोरलीच्या आधी धाकटी देत नाहीत.' ज्याने अंधाऱ्या डोळ्यांच्या बापाला थोरला म्हणून फसवलं, त्याला अंधारात थोरली देऊन फसवलं गेलं. राहेलही मिळाली, आणखी सात वर्षांच्या कामावर. सख्ख्या बहिणी आता सवती झाल्या.

सवत हा शब्द मराठी वाचकाला समजावून द्यावा लागत नाही. हिब्रूतही त्यासाठी खास शब्द आहे, 'त्सारा' असा उच्चार होणारा (अब्राहामाच्या बायकोच्या नावाशी त्याचा संबंध नाही), आणि त्याचाच दुसरा अर्थ संकट, कोंडी असा होतो. पुढे लेवीय पुस्तकात कायदाच आला की बायको जिवंत असताना तिच्या बहिणीला सवत म्हणून आणू नये. आणि अनुवाद पुस्तकात असाही कायदा आहे की दोन बायकांपैकी एक आवडती, एक नावडती असेल आणि थोरला मुलगा नावडतीचा असेल, तर बापाने त्याचा हक्क आवडतीच्या मुलाला देऊ नये. तिथे 'नावडती'साठी जो शब्द आहे, तोच उत्पत्तीत लेआसाठी आहे. हा कायदा वाचताना याकोबाचंच घर डोळ्यांपुढे येतं.

लेआला मुलं होत गेली, राहेलला नाही. लेआने मुलांची जी नावं ठेवली ती एकापुढे एक वाचली तर एका बाईची रोजनिशी हाती लागते. रऊबेन: पाहा, मुलगा, देवाने माझं दुःख पाहिलं, आता नवरा माझ्यावर प्रेम करील. शिमोन: मी नावडती आहे हे देवाने ऐकलं. लेवी: आता तरी नवरा मला जडून राहील. आणि चौथ्याला यहूदा: आता मी देवाची स्तुती करीन. या चौथ्या नावात नवऱ्याचा उल्लेख नाही. इकडे राहेल 'मला मूल दे, नाहीतर मी मरते' म्हणते, आणि याकोब चिडून म्हणतो, 'मी काय देवाच्या ठिकाणी आहे?' हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

दोघी बहिणींमधला संवाद पुस्तकात एकदाच आहे. लहानगा रऊबेन शेतातून पुत्रदात्रीची फळं आणतो. ती खाल्ल्याने मूल होतं अशी समजूत होती. राहेल ती मागते. लेआ उसळते: 'माझा नवरा घेतलास ते थोडं झालं? आता माझ्या मुलाची फळंही हवीत?' मग सौदा ठरतो: फळं राहेलला, आजची रात्र लेआला. संध्याकाळी लेआ शेताच्या वाटेवर जाऊन नवऱ्याला सांगते की मी तुला भाड्याने घेतलंय. फळं राहेलच्या पदरात पडली, दिवस गेले लेआला. दोघींच्या मनात काय चाललं असेल, याबद्दल लेखक अवाक्षर काढत नाही.

बारा मुलांची, म्हणजे पुढे इस्राएलच्या बारा वंशांची नावं बहुतेक या भांडणातूनच आली आहेत. नफताली या नावाचा अर्थच राहेल सांगते: मी बहिणीशी झुंजले आणि जिंकले.

याकोब परतताना यब्बोक नदीपाशी येतो तेव्हा खबर मिळते की एसाव ४०० माणसं घेऊन येतोय. याकोब आधी निरोपे पाठवतो, मग भेटीदाखल जनावरांचे कळप, मग स्वतः सात वेळा जमिनीला लवत पुढे जातो. एसाव धावत येतो, गळ्यात पडतो, मुका घेतो, दोघं रडतात. (तोराहच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, हस्तलिखित गुंडाळ्यांत 'मुका घेतला' या शब्दावर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर ठिपके आहेत. तो मनापासून होता की नव्हता, यावर रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, शतकानुशतकं वाद घातला आहे.) याकोब पूर्ण वेळ 'माझे स्वामी' म्हणत राहतो, 'माझ्या भावा' म्हणतो तो एसाव. आणि भेट घ्या म्हणून गळ घालताना याकोबाच्या तोंडी जो शब्द येतो तो आहे 'माझा आशीर्वाद'. जो चोरला होता, तोच शब्द तो परत देऊ पाहतो. त्यानंतर दोघं एकत्र राहत नाहीत. याकोब मागून येतो म्हणतो आणि दुसऱ्या वाटेने जातो. वैर संपलं तरी जवळीक परत आली नाही, आणि लेखकाने ती आणायचा प्रयत्नही केला नाही.

आपण कसे वाढलो ते याकोबाला माहीत होतं. तरी त्याने तेच केलं. राहेलचा मुलगा योसेफ त्याचा लाडका. त्याला त्याने खास अंगरखा करून दिला. रंगीबेरंगी झगा हे आपल्या डोळ्यापुढचं चित्र जुन्या भाषांतरांतून आलंय. हिब्रू शब्दाचा अर्थ पक्का नाही, पायघोळ किंवा लांब बाह्यांचा असाही तो होतो. पुढे राजकन्यांच्या वस्त्रासाठी हाच शब्द आलाय. तेव्हा राबणाऱ्या दहा भावांमध्ये एकाच्या अंगावर काम न करणाऱ्याचे कपडे होते. वर हा १७ वर्षांचा पोरगा भावांच्या चुगल्या बापाला सांगे, आणि भावांच्या पेंढ्या माझ्या पेंढीला नमस्कार करतात अशी स्वप्नंही त्यांनाच सांगे. 'त्यांनी त्याचा द्वेष केला, आणि त्याच्याशी ते धड बोलू शकेनात.' शब्दशः पाहिलं तर 'शालोमने बोलू शकेनात'. शालोम म्हणजे शांती, कुशल. अबोला आता थेट नोंदला गेला.

आणि बाप त्याला कशाला पाठवतो? 'जा, तुझ्या भावांचं शालोम बघून ये.' भाऊ दोथानपाशी कळप चारत होते. त्यांनी त्याला धरलं, अंगरखा ओरबाडला, कोरड्या विहिरीत टाकलं आणि जेवायला बसले. मग यहूदाने सुचवलं की मारण्यापेक्षा विकू, 'शेवटी तो आपला भाऊच आहे'. रुप्याच्या वीस तुकड्यांवर तो मिसरला गेला. अंगरखा बोकडाच्या रक्तात बुडवून बापापुढे ठेवला: 'ओळखा बरं, तुमच्या मुलाचाच का?' करडांची कातडी आणि भावाचे कपडे वापरून बापाला फसवलेला याकोब आता बोकडाचं रक्त आणि मुलाचे कपडे पाहून फसला.

विहिरीत योसेफ काय बोलला? ३७व्या अध्यायात एक शब्द नाही. हाबेलासारखाच तो गप्प आहे. पण ४२व्या अध्यायात, वीसेक वर्षांनी, दुष्काळात धान्य घ्यायला मिसरला आलेले भाऊ संकटात सापडतात तेव्हा आपापसांत म्हणतात: 'आपण त्याचे हाल पाहत होतो, तो गयावया करत होता, आणि आपण ऐकलं नाही.' तो ओरडला होता, तर! गोष्टीने ते आपल्याला ऐकू दिलं नव्हतं, कारण त्यांनी ऐकलं नव्हतं. ज्या दिवशी त्यांच्या कानात तो आवाज उमटला, त्या दिवशी तो आपल्यालाही ऐकू येतो. मी जेवढी कथासाहित्यं वाचली आहेत त्यात इतकी सूक्ष्म कारागिरी मला क्वचित भेटली आहे. आणि हे बोलताना समोर मिसरचा जो बडा अधिकारी उभा आहे तो योसेफच आहे. तो दुभाष्यामार्फत बोलतोय म्हणून त्याला आपली भाषा कळत नाही असं त्यांना वाटतं. तो बाजूला जाऊन रडतो.

इथे जरा थांबून दुसऱ्या एका घराकडे पाहू, कारण अबोला नेहमी असा सुटत नाही. दावीद राजाच्या घरात थोरल्या अम्नोनाने सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला. तिच्या अंगावर तोच अंगरखा होता, योसेफाला मिळालेला त्याच नावाचा. बाप संतापला आणि काहीच केलं नाही. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला 'गप्प राहा' म्हणाला, आणि स्वतः 'अम्नोनाशी बरं किंवा वाईट काहीच बोलला नाही'. दोन वर्षांनी मेंढरांच्या लोकर-कातरणीच्या जेवणात त्याने अम्नोनाला मारवलं. पुढे बापाविरुद्ध बंड केलं आणि स्वतःही मेला. ज्यांनी बोलायला हवं होतं त्यांनीच जिथे तोंड मिटलं, तिथे असं झालं.

योसेफाच्या गोष्टीचा कळीचा भाग ४४वा अध्याय आहे. योसेफाने भावांची परीक्षा मांडली आहे. राहेलचा दुसरा मुलगा, धाकटा बन्यामीन, याला जेवताना पाचपट वाढून पाहिलं. कुणी कुरकुरलं नाही. मग त्याच्या पोत्यात रुप्याचा प्याला लपवून त्याला चोर ठरवलं: हा इथे गुलाम म्हणून राहील, बाकीचे जा. तेव्हा यहूदा पुढे येतो. त्याने बोललेला परिच्छेद हे या पुस्तकातल्या माणसांच्या तोंडच्या सगळ्यात लांब भाषणांपैकी एक आहे, आणि ते दुभाष्या मध्ये असताना, एका परक्या सत्ताधीशापुढे, भावासाठी केलेलं आहे.

त्यात यहूदा बापाचे शब्द जसेच्या तसे सांगतो: 'तुम्हाला माहीत आहे, माझ्या बायकोने मला दोन मुलगे दिले.' दोन! यहूदा लेआचा मुलगा आहे. याकोबाच्या तोंडून 'माझी बायको' म्हणजे फक्त राहेल, 'मुलगे' म्हणजे फक्त तिचे दोघं. आईचं नावडतेपण, स्वतःचं न मोजलं जाणं, हे सगळं त्या एका वाक्यात आहे, आणि यहूदा ते कुरकुर न करता, बापाचं दुःख समजावण्यासाठी उच्चारतो. मग म्हणतो, 'त्याचा जीव या पोरात अडकलाय. हा परतला नाही तर म्हातारा मरेल. याच्या बदल्यात मला गुलाम करा.' बाप बदललेला नाही. पक्षपात होता तसाच आहे. बदलला तो यहूदा, ज्याने याच आईच्या मुलाला विकायला सुचवलं होतं. 'मी काय भावाचा राखणदार आहे?' या प्रश्नाला चाळीस अध्यायांनी एका भावाने होकार दिला.

ज्यांनी ही गोष्ट लिहून जपली त्यांच्यासाठी ही नावं नुसती माणसांची नव्हती. दावीदाचा मुलगा शलमोन राजा याच्यानंतर, इ.स.पू. ९३० च्या सुमारास राज्य दुभंगलं: दक्षिणेला यहूदा, उत्तरेला योसेफाच्या वंशजांचा जोर. उत्तरेचं राज्य इ.स.पू. ७२२ मध्ये अश्शूर (असिरिया) साम्राज्याने संपवलं. एसावाचे वंशज म्हणजे शेजारचा अदोम देश. इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडलं तेव्हा अदोमी लोक आनंदाने ओरडत होते, ही जखम स्तोत्रसंहितेत भळभळते आहे. अशा काळात यहूदा योसेफापुढे भावासाठी उभा राहतो, एसाव याकोबाच्या गळ्यात पडतो, हे ऐकणाऱ्याला काय वाटत असेल!

योसेफ मग सगळ्या चाकरांना बाहेर घालवतो. दुभाष्याही जातो. 'मी योसेफ आहे. बाबा अजून आहेत ना?' भावांच्या तोंडून शब्द फुटत नाही. तो त्यांना जवळ बोलावतो, बन्यामीनाच्या गळ्यात पडून रडतो, मग एकेकाच्या. आणि लेखक लिहितो: 'त्यानंतर त्याचे भाऊ त्याच्याशी बोलले.' काय बोलले ते इथेही लिहिलेलं नाही. काइनाच्या वाक्यासारखीच ही जागाही मोकळी आहे.

गोष्ट इथे संपली असती तर गोड झाली असती. पण १७ वर्षांनी याकोब वारतो, आणि भावांच्या पोटात पुन्हा गोळा येतो: आता बाप नाही, आता हा उट्टं काढील. ते स्वतः जात नाहीत, निरोप पाठवतात की बाबा जाताना सांगून गेले होते, भावांना क्षमा कर. याकोब असं म्हणाल्याचं पुस्तकात कुठे नाही. पुन्हा मध्यस्थ, पुन्हा खोटं. निरोप ऐकून योसेफ रडतो. मग ते येऊन त्याच्यापुढे लोटांगण घालतात, आणि तो म्हणतो: 'भिऊ नका. मी काय देवाच्या ठिकाणी आहे?'

हेच शब्द त्याचा बाप चिडून त्याच्या आईला म्हणाला होता, ती मुलासाठी तळमळत असताना. राहेलच्या मुलाने ते भावांना धीर द्यायला वापरले. मग 'मी तुम्हाला आणि तुमच्या लेकरांना सांभाळीन' म्हणत तो त्यांच्याशी बोलत राहिला. हिब्रूत आहे, त्यांच्या हृदयाशी बोलला.